आईचा रकाना

मांजर न्यायचं असेल तर जगातल्या बहुतेक देशांची काही हरकत नसते. एक इंजेक्शन, मानेत बसवलेली एक चिप, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, की मांजर निघालं परदेशी. आई न्यायची असेल तर मात्र बहुतेक देश तोंड फिरवतात. हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. माझं पोटच या माहितीवर भरतं.

मी जिथे काम करते ती कंपनी लोकांना देश निवडून देते. हे लोक नोकरी आपल्याच ठिकाणची करतात, लॅपटॉपवर. फक्त बूड दुसऱ्या देशात टेकवायचं असतं. अशांसाठी हल्ली बरेच देश वेगळा व्हिसा देतात. आम्ही आपसात त्याला भटक्यांचा व्हिसा म्हणतो. कुठल्या देशाला पगार किती दाखवायचा, विमा कुणाचा चालतो, पोलिसांचा दाखला कुठे लागतो, वर्ष संपल्यावर मुदत वाढते की बोचकं बांधावं लागतं, नवरा किंवा बायको सोबत गेली तर तिला काम करता येतं की नुसतं खिडकीत बसावं लागतं, हे सगळं मी शेजारीशेजारी रकाने मांडून दाखवते. लोक बघतात, बोट ठेवतात आणि जातात.

मी मात्र आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी असते. विमानतळ मी एकदाच पाहिला, धाकट्या भावाच्या मेव्हण्याला पोचवायला गेले होते तेव्हा. तेही बाहेरूनच, कारण आत जायला तिकीट लागतं.

घरून काम करण्याचा एक तोटा असा, की तुमचं काम कुणाला दिसत नाही, फक्त घर दिसतं. 'ती घरीच असते' हे आमच्या इमारतीत माझं आडनाव झालं आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीची पार्सलं माझ्याकडे, खालच्या दंतवैद्याच्या गॅसची टाकी माझ्याकडे. सगळ्यांच्या घरांच्या जादा चाव्या आमच्या दारामागच्या खिळ्याला. परवा एका गिऱ्हाईकाला मी कराचे नियम समजावत होते, तर शेजारच्या काकू सरळ आत आल्या, कॅमेऱ्यासमोरून गेल्या आणि चावी घेऊन म्हणाल्या, "चालू दे तुझं खेळणं." त्या गिऱ्हाईकाला वाटलं, माझी सासू आहे. मीही सुधारलं नाही.

धाकटा दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याची बायको चांगली आहे, जुळी मुलं चांगली आहेत, तोही वाईट नाही. पण त्याच्या बोलण्याची सुरुवातच अशी असते, "ताई, तू तर घरीच असतेस ना..." पुढे काय येणार ते येतंच. आई त्यामुळेच माझ्याकडे आहे. म्हणजे मी आईकडे आहे. घर तिचं.

आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. अजूनही सगळी गल्ली तिला मोठ्या बाई म्हणते. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि तेव्हापासून सकाळी ती मला हाक मारते, "जरा दाराशी उभी राहा गं."

दाराशी उभं राहायचं म्हणजे काय करायचं, ते सांगते. तिला पलंगावरून उठवायचं. न्हाणीघरात न्यायचं. कपडे उतरवायचे, स्टुलावर बसवायचं, पाठ, पाय, बोटांच्या बेचक्या, केस. पुसायचं, कपडे घालायचे, परत खुर्चीत आणून बसवायचं. एवढं झाल्यावर आई केस मागे सारते आणि म्हणते, "झाली माझी आंघोळ." मी ओल्याचिंब कपड्यांनी समोर उभी असते आणि म्हणते, "झाली का? छान."

भावजयीने एकदा एक बाई लावून दिली होती. आईने तिला पाऊण तासात जिना दाखवला. काय बिनसलं विचारलं तर म्हणाली, "ती मला 'पाय उचला' म्हणाली." मी पाय स्वतः उचलते, म्हणत काही नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी केल्या जातात, बोलल्या जात नाहीत. त्यामुळे तिचा मान राहतो आणि माझी सकाळ जाते.

माझ्या डोक्यात किडा सोडला तो एका मांजरवाल्याने. हा मनुष्य माझं गिऱ्हाईक. मांजर घेऊन कुठे जाता येईल यावर त्याने माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी गेला आणि महिन्याभराने त्याने व्हिडिओवर आभार मानले. बोलता बोलता त्याने लॅपटॉप उचलून खिडकीबाहेर धरला. उताराचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना घरं, खाली कुठेतरी पाणी चमकत होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. "आता काम संपलं, की मी खाली जातो," तो म्हणाला. "कुठे?" मी विचारलं. "कुठे असं नाही. असाच."

असाच. मी लॅपटॉप मिटला. मला समुद्र नको होता, राजवाडे नको होते. मला एक जिना हवा होता, जो कुणाला न सांगता उतरता येईल. 'कुठे चाललीस, येताना काय आणतेस, किती वेळ लागेल' या तीन प्रश्नांशिवाय. एक वर्षभर. मग आले असते परत, चाव्या सांभाळल्या असत्या.

त्या दिवसापासून मी माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवला. ऑफिसच्या नव्हे, माझ्या. त्याचं नाव आई.

आईला सोडून जायचं हे माझ्या मनातही आलं नाही, हे आधी सांगून टाकते. मी तिला घेऊन जाणार होते. दुसऱ्या देशात न्हाणीघर असतंच, पाणी असतंच, तिथेही दाराशी उभं राहता आलं असतं. पण उरलेला दिवस माझा झाला असता, कारण तिथे 'ती घरीच असते' हे कुणाला ठाऊक नसतं. एकेक देश मी त्या रकान्यातून गाळला. नवरा चालतो, बायको चालते, अठराच्या आतलं मूल चालतं, मांजर तर चालतंच. आई, नाही. आई, नाही. आई, फक्त तीन महिने पाहुणी म्हणून. शेवटी एक देश निघाला. लहानसा, थंड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचं म्हणणं एवढंच, की आईवडील अर्जदारावर खरोखर अवलंबून असले पाहिजेत आणि तसं त्यांनी वकिलातीत स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. त्या वेळी अर्जदाराने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती पेपर वाचत होती. "थंडी किती असते?" तिने विचारलं. मी सांगितलं. "जाऊ या की," ती म्हणाली आणि पान उलटलं. मी इतकी वाद घालायच्या तयारीत होते, की पाठ करून ठेवलेले मुद्दे मी तिला तरीही ऐकवले.

धाकट्याला तर आभाळ ठेंगणं झालं. "आईला हवापालट होईल!" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन बॅगा आणून दिल्या, चाकांच्या, स्वतःच्या हाताने पुसून. सुट्टीच्या दिवशीही आईला नखसुद्धा न दिसणारा माणूस रोज फोन करून विचारू लागला, "कुठवर आलं?"

मग मी आईकडून वाक्य घोटून घेतलं. "मी माझ्या मुलीवर अवलंबून आहे."

"वाक्य बरोबर आहे," आई म्हणाली, "पण माझं नाही."

"आई, तुझं नसू दे. त्यांना ऐकायचंय तेवढं म्हण."

"'मुलगी माझ्याजवळ राहते' असं म्हटलं तर?"

"नाही चालणार."

"'आम्ही एकमेकींना धरून आहोत'?"

"आई, कविता नको."

तिने डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि गॅदरिंगला म्हणतात तसं खणखणीत म्हणून दाखवलं. मग रोज दुपारी चहाच्या वेळी एकदा. चौथ्या-पाचव्या दिवशी तर ती मलाच म्हणाली, "घे माझी परीक्षा." मी खूश. माझी चूक झाली ती इथे. मी उत्तर पाठ करून घेतलं, प्रश्न घेतलेच नाहीत. जन्मभर पेपर काढणाऱ्या बाईच्या मुलीने ही चूक करावी, म्हणजे कमाल आहे.

वकिलातीत एक मोठी खोली होती, खुर्च्या ओळीने मांडलेल्या, समोर काचेच्या खिडक्या. खिडकीतल्या बाईचा आवाज मायक्रोफोनमधून सगळ्या खोलीला ऐकू येई. कुणाचा नवरा किती कमावतो, कुणाचा घटस्फोट कधी झाला, सगळं सगळ्यांना. आमचा नंबर आला. खिडकीत एक तरुण मुलगी होती, केस वर बांधलेले, चेहरा हसरा. वाईट नव्हती ती. वाईट असती तर बरं झालं असतं, आई तिच्याशी भांडण्यात वाक्य चोख म्हणून गेली असती.

"बसा आजी," ती म्हणाली. आईच्या भुवया जरा वर गेल्या. आईला आजी फक्त जुळे म्हणतात.

"आजी, तुमचं घर कोण चालवतं?"

"मी माझ्या मुलीवर अवलंबून आहे," आई म्हणाली. स्पष्ट, संथ, एकही अक्षर न गाळता. माझा जीव भांड्यात पडला. खिडकीतल्या मुलीने मान हलवून काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, झालं. मी पर्सची चेनसुद्धा लावली.

"रोजच्या कामांत काय काय मदत लागते, आजी? उठणं, कपडे घालणं?"

आईने वॉकरवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"आंघोळ कोण घालतं तुम्हाला?"

तो प्रश्न छतावरच्या स्पीकरमधून खाली आला. मागच्या रांगेत कुणीतरी वर्तमानपत्र खाली घेतलं. आईचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

"माझी आंघोळ मी करते," ती म्हणाली.

"आई..." मी म्हणाले. खिडकीतल्या मुलीने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं.

"मुलगी मदत करत नाही?"

"ती दाराशी उभी असते."

"आणि चालायला? हा वॉकर..."

"हा डॉक्टरांच्या समाधानासाठी आहे," आई म्हणाली. तिने वॉकर बाजूला ढकलला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले आणि उठली. एकटी. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती भिंतीकडच्या पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली, कागदी पेला काढला, भरला, उभ्याउभ्या प्यायली, पेला टोपलीत टाकला आणि परत यायला वळली. सगळी खोली बघत होती. शाळेच्या पटांगणातून चालावी तशी ती चालत होती, मान न हलवता. मला भीती वाटत होती, की ही आता पडणार. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मला वाटलं, पडावी. तिथेच, त्या मुलीच्या डोळ्यांदेखत पडावी, म्हणजे न बोलता सगळं कळेल. असं वाटणारी मुलगी मी आहे, हेही मला तिथेच कळलं.

ती पडली नाही. येऊन बसली. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं.

"तुमच्या आई तर ठणठणीत आहेत!" खिडकीतली मुलगी मला म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "त्यांना अवलंबून म्हणून नाही घेता येणार, सॉरी. पण तुमचा अर्ज एकदम व्यवस्थित आहे. तुमचा मंजूर करते. तुम्ही निर्धास्त जा."

लिफ्टचं दार बंद झालं तसे आईचे गुडघे गेले. मी तिला कमरेत धरलं, वॉकर पायांत अडकला, आम्ही दोघी आरशाला टेकून उभ्या राहिलो. तिचा सगळा भार माझ्यावर होता.

"तिला काय गरज होती ते विचारायची?" आई म्हणाली. "एवढ्या लोकांत?"

"एक वाक्य म्हणायचं होतं, आई."

"म्हटलं ना मी ते वाक्य. नीट म्हटलं. ऐकलंस ना तू?"

तिचे डोळे भरले होते. वाक्य तिने नीटच म्हटलं होतं.

टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी धुमसत बसले. राग होता, भरपूर होता. दोन वर्षं माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, त्याला दाराशी उभं राहणं म्हणतात. आणि त्या रागातून हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली. व्हिसा मला मिळाला होता. माझा. भर कचेरीत, सगळ्यांसमोर, आईनेच जाहीर केलं होतं की तिला माझी गरज नाही. धाकटा दोन गल्ल्यांवर आहे. बाई लावता येते, एक पळाली तर दुसरी लावता येते. बॅगा दोन आल्या आहेत, मला एक पुरे. मी मनातल्या मनात बॅग भरलीसुद्धा. घराच्या वळणावर येईपर्यंत माझं ठरलं होतं. मी जाणार. घरी गेल्यागेल्या सांगायचं, चहाच्या आधी. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

आईला जिन्यावरून चढवायला दंतवैद्याचा कंपाउंडर आणि मी, दोघं लागलो. तिला खुर्चीत बसवलं. तिचे पाय बुटांत मावत नव्हते इतके सुजले होते. मी खाली बसून नाड्या सोडायला लागले. म्हटलं, हा एक बूट काढते आणि सांगते. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा. माझे हात गुंतलेले, म्हणून स्पीकर लावून फोन जमिनीवर ठेवला.

"ताई, काय झालं? मिळाला?"

"मला मिळाला. आईला नाही."

तिकडे जुळ्यांपैकी एक रडत होता, तो आवाज येत राहिला.

"म्हणजे..." धाकटा म्हणाला. लहानपणी काच फुटली की त्याचा आवाज असाच व्हायचा. "म्हणजे तू एकटीच जाणार?"

मी मान वर केली. बोलायला तोंड उघडलं.

"अरे, ती कुठे जातेय!" आई वरून म्हणाली. "तिला नुसतं बघायचं होतं, मिळतो की नाही ते. मिळाला. पहिल्या फटक्यात पास. मुलगी कुणाची आहे?"

फोनमधून धाकट्याचा श्वास सुटलेला ऐकू आला, आणि मग तो हसायलाच लागला. "काय आई तू! माझी पाचावर धारण बसली ना इथे!"

"मला टाकून जाईल होय ही?" आईही हसायला लागली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात कावा नव्हता, डाव नव्हता. असता तर मी तो झटकला असता. तिला मनापासून खात्री होती माझी. आजवर तिने माझं केलेलं सगळ्यात मोठं कौतुक होतं ते, आणि त्याच्याखाली मला मान हलवता येईना.

"मी जाणार आहे," मी म्हणाले.

दोघं हसत होती. धाकटा म्हणत होता की त्या बॅगा तो परत नेईल, माळ्यावर जागा आहे.

आई एकदम थांबली. "काय म्हणालीस गं?" तिने माझ्याकडे वाकून विचारलं. "तोंडातल्या तोंडात नको. मोठ्याने बोल. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

दोघं वाट बघत होती. आईचा पाय माझ्या मांडीवर होता, गरम, दगडासारखा जड.

"पाय वर घे म्हणाले," मी मोठ्याने म्हणाले. "सूज आली आहे."